गाडीच्या एरियलचा गंज: काडीपेक्षा बैठकीकडे लक्ष द्या

रत्नागिरी आणि आसपासच्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

गाडीतला रेडिओ खरखरायला लागला की बहुतेकांना वाटतं, रेडिओच गेला. नवा बसवून द्या म्हणून गाडी दुकानात येते. आम्ही आधी एरियलची बैठक, म्हणजे काडी ज्यावर उभी असते तो तळाचा भाग, खोलून बघतो आणि किनाऱ्यालगतच्या गाड्यांमध्ये दोष बऱ्याचदा तिथेच सापडतो. गॅस्केटखाली (पाणी अडवणाऱ्या रबरी चकतीखाली) लालसर चिखल साचलेला असतो, दातेरी वॉशर झिजून गेलेला असतो, पत्र्याला पोपडे आलेले असतात. रेडिओ मात्र ठणठणीत असतो. नव्या रेडिओचा हा खर्च टाळता येतो, म्हणूनच हे पत्रक काढलं आहे.

गंज सुरू कुठे होतो

एफएमची स्टेशनं ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये असतात. त्या लहरी पकडायला साधारण पाऊण मीटरची काडी चांगली पडते, पण काडी म्हणजे एरियलचा अर्धाच भाग. उरलेला अर्धा भाग म्हणजे गाडीचा पत्रा. केबलमधली मधली तार काडीला जाते आणि तिच्याभोवतीची तांब्याची जाळी बैठकीतून पत्र्याला जोडलेली असते. हेच एरियलचं अर्थिंग. ते नीट मिळावं म्हणून बैठक बसवताना भोकाच्या आतल्या बाजूचा रंग खरवडावा लागतो. एरवी रंगाखाली सुरक्षित असलेला लोखंडी पत्रा तेवढ्या जागी उघडा होतो. वरचं गॅस्केट उन्हानं कडक होऊन चिरलं की पावसाचं पाणी थेट तिथे पोचतं. बाहेरून काडी चकचकीत दिसत असते, त्यामुळे आत काय चाललं आहे याचा कुणाला पत्ता लागत नाही.

लक्षणं मात्र दिसतात. खड्ड्यात चाक गेलं की स्टेशन जातं आणि परत येतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की रेडिओतली शीळ चढत जाते, कारण अर्थिंग कच्चं असलं की अल्टरनेटरचा (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) आवाज रेडिओत शिरतो. गावात ऐकू येणारं स्टेशन थोडं लांब गेल्यावर लगेच विरतं. ज्या गाड्यांच्या बैठकीतच छोटा अ‍ॅम्प्लिफायर असतो (टपावरच्या आखूड काड्या आणि माशाच्या परासारखे दिसणारे ‘शार्क फिन’ एरियल बहुधा असेच असतात), तिथे अर्थिंग गेलं की तो अ‍ॅम्प्लिफायरही काम सोडतो. टपाच्या आतल्या कापडावर पिवळट डाग दिसला, तर पाणी आत उतरायला लागलं आहे असं समजा आणि वाट न बघता या.

कोकणात हे लवकर का होतं

गंजाला लोखंड, पाणी आणि हवा एवढंच लागतं. मीठ मिसळलं की त्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि गंजाचा वेग वाढतो. याच्याही पुढची गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मीठ हवेतला ओलावा स्वतःकडे ओढतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तसंच बैठकीच्या फटीत बसलेल्या मिठालाही सुटतं. शुद्ध मिठाला हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्के व्हावी लागते, पण समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि ते त्याहून बऱ्याच कमी आर्द्रतेलाही ओले होतात. त्यामुळे गाडी डिसेंबरात कोरडी दिसली तरी फटीच्या आत ती कोरडी असेलच असं नाही.

जयगड-तवसाळ, दाभोळ-धोपावे किंवा वेसवी-बागमांडला या फेरीबोटींवर गाडी चढवणाऱ्यांनी, मिरकरवाडा किंवा हर्णैहून मासळी भरणाऱ्या टेम्पोवाल्यांनी आणि गाडी पुळणीवर नेणाऱ्यांनी जास्त काळजी घ्यायला हवी. गाडी पुळणीवर नेऊच नये असं आमचं स्पष्ट मत आहे. एरियलचं सोडा, त्या खाऱ्या वाळूनं गाडीचा खालचा सगळा पत्राच खाल्ला जातो.

गाडी धुताना पाणी गोडं आहे ना, हे बघा. खाडीलगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्यानं रोज गाडी धुणं म्हणजे रोज मिठाचा हात फिरवणं आहे.

नट-बोल्ट निवडताना

हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे निळसर किंवा सोनेरी झाक असलेले बोल्ट लोखंडाचेच असतात, वर जस्ताचा पातळ मुलामा असतो. तो बहुधा ५ ते १२ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही खूप कमी. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. बोल्टवर पांढरी भुकटी दिसली तर जस्त संपत चाललं आहे. तेव्हाच बोल्ट बदलला तर काम सोपं असतं. लाल रंग दिसेपर्यंत थांबलात तर आटे धरून बसतात आणि बोल्ट कापूनच काढावा लागतो.

स्टेनलेसचं सगळं सारखं नसतं. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. ३१६ मध्ये याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि मिठाच्या माऱ्यापुढे त्यानं मोठा फरक पडतो. समुद्राजवळच्या गाडीला आम्ही ३१६ चेच नट-बोल्ट लावतो. ते महाग पडतात हे खरं, पण एका एरियलला लागतातच किती! लोहचुंबक लावून ३०४ आणि ३१६ यांतला फरक कळत नाही, त्यामुळे दुकानदाराला नंबर विचारूनच घ्या. स्टेनलेस चमकवायला लोखंडी काथ्या वापरू नका. त्याचे कण पृष्ठभागात रुततात आणि तेच गंजून डाग देतात. बाथरूमचं अ‍ॅसिड तर बिलकूल लावू नका, त्यानं स्टेनलेसवरचा संरक्षक थरच जातो.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये खारं पाणी आलं की त्यातला एक दुसऱ्यासाठी झिजतो. स्टेनलेसच्या मोठ्या पट्टीला जस्ताचा मुलामा दिलेला छोटा नट लावला, तर त्या नटाला सगळी झीज एकट्यानं सोसावी लागते आणि तो लवकर संपतो. उलट, अ‍ॅल्युमिनियमच्या जाड पट्टीला स्टेनलेसचा छोटा बोल्ट पुष्कळ वर्षं चालतो, फक्त दोघांच्या मध्ये नायलॉनचा वॉशर घालायचा, आट्यांना ग्रीस लावायचं आणि अर्थिंगसाठी वेगळी पट्टी ओढायची. अ‍ॅल्युमिनियमजवळ ग्रॅफाइटचं काळं ग्रीस मात्र वापरू नका, ग्रॅफाइटमुळे अ‍ॅल्युमिनियम उलट लवकर झिजतं. कॅरियरवर एरियल लावून घेणाऱ्यांना हे आम्ही दर वेळी सांगतो, कारण बहुतेक कॅरियर अ‍ॅल्युमिनियमचे असतात.

ओढून लांब करायच्या काडीचं थोडक्यात. ती क्रोम केलेली असते. आत पितळ असेल तर लाल गंज येत नाही, हिरवा थर येतो. आत लोखंड असेल तर क्रोमच्या सूक्ष्म भेगांतून लाल ठिपके येतात. पावसातून आल्यावर काडी आत ढकलण्याआधी कोरड्या फडक्यानं पुसा. तेल थापू नका, त्यावर धूळ चिकटते आणि काडी अडकते.

सीलंट, ग्रीस आणि स्प्रे

घरी असलेल्या सिलिकॉन सीलंटनं फट बुजवून गाडी आमच्याकडे आणणारे पुष्कळ असतात. ज्या सीलंटला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, ते वाळताना अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड सोडतं आणि आतला पत्रा व तांब्याची जाळी दोन्ही खातं. बाटलीवर ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलं सीलंट घ्या. शिवाय आत ओल असताना सीलंट लावलं तर ती ओल तिथेच कोंडली जाते. म्हणून आधी खोलून, वाळवून, साफ करून मगच सीलंट लावायचं.

आटे सोडवायला मिळणारे स्प्रे त्या कामाला उत्तम. संरक्षणासाठी त्यांच्यावर विसंबू नका, ते पहिल्या जोरदार पावसात धुऊन जातात. जोड कोरडा असताना आवळा आणि वरून सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्या. ग्रीस स्वतः वीज वाहून नेत नाही, धातूला धातू घट्ट टेकलेला असला पाहिजे; उरलेल्या फटीत पाणी शिरू न देणं एवढंच ग्रीसचं काम.

चुंबकाच्या बैठकीचं एरियल वापरणाऱ्यांसाठी: आठवड्यातून एकदा ते उचला आणि खालची जागा व चुंबक दोन्ही पुसा. ते सरकवत काढू नका. खाली अडकलेली वाळू रंगावर ओरखडे काढते आणि पुढच्या पावसात त्या ओरखड्यांतून गंज वर येतो.

आमच्याकडे काम कसं होतं

बैठक खोलून आम्ही गंज पांढऱ्या धातूपर्यंत घासतो. आजूबाजूच्या पत्र्याला टॅनिक अ‍ॅसिडचं द्रावण लावतो. उरलेला गंज त्यानं काळा होऊन स्थिरावतो. त्यावर प्रायमर आणि रंग. जिथे अर्थिंग टेकायचं, ती जागा मात्र या द्रावणापासून मुद्दाम वाचवतो, कारण तो काळा थर वीज वाहू देत नाही. घाईच्या दुरुस्तीत हे नेमकं राहतं आणि रंगकाम छान होऊनही रेडिओ पहिल्यासारखाच खरखरतो. नंतर नवा दातेरी वॉशर, नवं गॅस्केट, आणि बैठक ते बॉडी मीटरनं तपासणं. मीटरच्या वायरींचा स्वतःचा रोध वजा करून उरलेला आकडा अर्ध्या ओहमच्या आत आला तरच काम पूर्ण झालं असं आम्ही मानतो.

केबल कापून बघणं हाही कामाचा भाग आहे. एकदा पाणी शिरलं की जाळी ते वातीसारखं आत ओढते. जाळी काळी पडलेली असेल तर तिच्यावर सोल्डरचा डाग बसत नाही, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापावं लागतं. फार आत गेलेलं असेल तर केबलच बदलतो. नवी केबल जोडाच्या आधी थोडी खाली लोंबती ठेवतो, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी जोडाकडे न जाता मध्येच टपकून जातं.

वायरलेस सेट असलेल्या गाड्यांसाठी

अँब्युलन्स, सरकारी खात्यांच्या गाड्या आणि १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलणारे हौशी रेडिओवाले यांनी गंज अजिबात चालवून घेऊ नये. ऐकायच्या रेडिओत गंजामुळे फक्त आवाज बिघडतो. बोलायच्या सेटमध्ये गंजलेल्या जोडावरून पॉवर उलटी फिरते आणि सेटचा आउटपुट भाग जळू शकतो. शिवाय गंजलेला जोड डायोडसारखा (वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागासारखा) वागून नको त्या फ्रिक्वेन्सीवर खरखर पसरवतो. एरियलकडून किती पॉवर परत फिरते हे दाखवणाऱ्या एसडब्ल्यूआर मीटरवर आकडा १.५ च्या आत असेल तर ठीक. २ च्या वर गेला तर बोलणं थांबवा आणि आधी बैठक तपासा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगड भागात वीज आणि मोबाईल दोन्ही गेले होते. अशा वेळी बातम्या ऐकायला गाडीतला रेडिओ हाताशी असतो आणि मदत पोचवायला वायरलेस सेट. म्हणून तपासणीला मे महिना आम्ही सर्वांत योग्य मानतो. वळवाच्या सरी सुरू होण्याआधी पत्रा कोरडा असतो आणि प्रायमर नीट वाळतो. गणपतीला मुंबईहून येणाऱ्यांनी परत गेल्यावर गाडी एकदा गोड्या पाण्यानं धुवावी, बैठकीवर प्रेशरचा झोत मात्र मारू नये, गॅस्केटची कड उचलली जाते.

तपासणीसाठी गाडी सकाळी आणलीत तर बरं, रंग वाळायला ऊन मिळतं. काम करताना बॅटरीची केबल काढावी लागते आणि काही गाड्यांचे रेडिओ त्यानंतर कोड विचारतात. तो कोड छापलेलं कार्ड बहुधा गाडीच्या माहितीपुस्तिकेच्या पाकिटात असतं, येताना ते सोबत आणा.