ब्लॅक बेल्ट वेगळा, प्रशिक्षक वेगळा

जूनच्या शेवटी विदर्भातल्या शाळा उघडल्या की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्याच गावचं पोरगं ब्लॅक बेल्ट आहे सर, त्यालेच लावून घ्या." समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं स्वसंरक्षण प्रशिक्षण घ्यायचं असतं आणि माणूस लवकर हवा असतो. पोराच्या कमरेला काळा पट्टा असतो, फोटोत पाय डोक्याच्या वर गेलेला असतो. पाच मिनिटांत ठराव होतो.

ते पोरगं बहुतेक वेळा खरंच गुणी असतं. एसटीने तालुक्याला जाऊन शिकलेलं, घरची शेतीची कामं सांभाळून सराव केलेलं. पण चाळीस मुलींसमोर उभं राहण्याची तयारी त्याच्याकडून कुणी करून घेतलेली नसते. क्रीडा शिक्षक म्हणून हा घोळ मी इतक्या शाळांत पाहिला आहे, की एकदा नीट लिहून ठेवतो.

पट्ट्यांबद्दल फार सांगत नाही, कारण ते पालकांना माझ्याहून जास्त पाठ असतं. पांढऱ्यापासून सुरुवात, मग पिवळा, हिरवा, निळा, लाल किंवा तपकिरी, शेवटी काळा. काळ्याच्या पायऱ्यांना डान म्हणतात, पहिला काळा पट्टा म्हणजे पहिला डान. कराटेत हातांचं काम जास्त, तायक्वांदोत पायांचं, ज्युदोत पकड आणि फेक. शिकवणाऱ्याला कुठे सेन्सेई म्हणतात, कुठे साबुम. गावात सगळ्यांनाच सर म्हणतात आणि त्याने काही बिघडत नाही. तायक्वांदोत पंधरा वर्षांखालच्या मुलाला डानऐवजी पूम मिळतो आणि त्याचा पट्टा अर्धा लाल, अर्धा काळा असतो. त्यामुळे दहा वर्षांच्या मुलाचा फोटो टाकून 'ब्लॅक बेल्ट' लिहिणं थांबवलं तर बरं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ऑलिंपिकमध्ये खेळतात त्या तायक्वांदोचं डान प्रमाणपत्र दक्षिण कोरियात सोलच्या कुक्कीवॉनकडून येतं. ही संस्था १९७२ची. कराटेत सगळ्या जगाचा पट्टा देणारी अशी एकच संस्था नाही. शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू, प्रत्येक शैलीच्या संघटना वेगळ्या आणि एका शैलीतसुद्धा अनेक. म्हणून कराटेचं प्रमाणपत्र पाहताना नुसता 'डान' शब्द वाचून भागत नाही, परीक्षा कुणी घेतली ते विचारावं लागतं.

आता खरा मुद्दा. काळा पट्टा सांगतो की या माणसाला स्वतःला ती गोष्ट करता येते. दुसऱ्याला करायला लावता येते की नाही, याबद्दल पट्टा काहीच सांगत नाही. ऐकायला हे सोपं वाटतं, पण मैदानावर त्याचा अर्थ काय होतो ते बहुतेकांच्या डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून एकाच किकचं उदाहरण घेतो.

गोल किक. तायक्वांदोत डोलियो चागी, कराटेत मावाशी गेरी. गुडघा वर येतो, कंबर फिरते, पाय बाजूने झपकन निघतो. सगळ्यांची नजर हवेतल्या पायावर असते. खरं काम जमिनीवरच्या पायाचं असतं. कंबर फिरते तेव्हा टेकलेल्या पायाची टाचही फिरून लक्ष्याच्या दिशेने यायला हवी. ती फिरली नाही तर वरचं शरीर वळतं, पाऊल जागेवर रुतून राहतं आणि मधला सगळा पीळ गुडघ्यावर येतो. एकदा येऊन जात नाही. रोज संध्याकाळी, पन्नास वेळा येतो.

ब्लॅक बेल्ट पोराचं पाऊल आपोआप फिरतं. त्याच्या सरांनी कधीतरी ते बसवलेलं असतं आणि आता त्याला त्याचं भानही नसतं. मुलीची किक जमत नाही म्हटल्यावर तो स्वतः एक सुंदर किक मारून दाखवतो आणि म्हणतो, "अशी मार. जोर लाव." मुलगी जोर लावते. पाऊल जागेवरच. पावसात भिजलेल्या काळ्या मातीवर तळवा चिकटतो, बूट घातले तर तो आणखी अडकतो. आठवड्याभरात मुलगी गुडघा दुखतो म्हणून घरी बसते आणि सर म्हणतात, पोरींना कष्ट नकोत.

शिकवायला शिकलेला माणूस वेगळं करतो. आमच्या तालुक्यात एक ताई शिकवतात. त्या किक दाखवतात एकदाच, आणि मग मुलींच्या मागे जाऊन उभ्या राहतात, कारण टाच मागूनच दिसते. पहिले काही दिवस भिंतीला हात टेकवून किक. उंची गुडघ्याइतकीच. जमिनीवर चुन्याची रेघ, आणि किकनंतर जागेवर थांबून प्रत्येकीने स्वतः पाहायचं की आपली टाच रेघेच्या कुठल्या बाजूला आहे. एक म्हटलं की गुडघा, दोन म्हटलं की पाऊल आणि कंबर, तीन म्हटलं की पाय. सरावाआधी सगळ्यांनी मिळून मैदानातले सराटे वेचायचे, कारण पायाला काटा लागण्याची भीती असली की कुणीही पाऊल मोकळेपणी फिरवत नाही. सतरंजीवर किक त्या करू देत नाहीत, ती सरकते. मॅट नसेल तर चोपून सारवलेली कोरडी जमीन त्यांना बरी वाटते.

या ताईंचा पट्टा त्या पोराच्या पट्ट्याइतकाच आहे, पहिला डान. फरक पुढच्या वर्षांत पडला. पट्टा मिळाल्यावर त्यांनी लगेच वर्ग काढला नाही. आपल्या सरांच्या वर्गात सहायक म्हणून राहिल्या, आणि तिथेही सुरुवातीला फक्त पांढऱ्या पट्ट्याच्या शेवटच्या रांगेसाठी. चुका कशा दिसतात, कोणती चूक आज सोडून द्यायची आणि कोणती आजच पकडायची, रडणाऱ्या मुलीला वर्गात कसं ठेवायचं, दंगा करणाऱ्या दोघांना कसं वेगळं करायचं, हे त्या रांगेत शिकायला मिळतं. मग अमरावतीला शारीरिक शिक्षणाची पदवी. शरीररचना, वाढीच्या वयातले सांधे, प्रथमोपचार, सरावाचा आराखडा हे सगळं तिथे शिकवलं जातं. किक त्यांना आधीच येत होती. ती का बिघडते हे नंतर कळलं.

अमरावतीचं नाव घेतलं म्हणून सांगतो. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४पासून उभं आहे. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी इथल्या मंडळींनी तिकडे जाऊन भारतीय व्यायामप्रकार दाखवले. शारीरिक शिक्षक घडवणारं महाविद्यालय आपल्याच विदर्भात असताना आपण पट्ट्यावरून माणूस निवडतो, याचं मला वाईट वाटतं. याशिवाय पटियाळ्याची नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे, १९६१ची. तिथे एक वर्षाची प्रशिक्षक पदविका आणि सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालतो. ज्युदो, कुस्ती, बॉक्सिंग, वुशू हे खेळ तिथे शिकवले जातात. तायक्वांदोत कुक्कीवॉनचा स्वतःचा प्रशिक्षक परवाना आहे आणि तो चौथ्या डानपासून पुढे मिळतो. पहिल्या डानपासून चौथ्यापर्यंत जायला किमान सहा वर्षं लागतात: एक, मग दोन, मग तीन. म्हणजे ज्या संस्थेने तो काळा पट्टा दिला, तिलाही पट्टा आणि शिकवण्याचा परवाना एक वाटत नाही.

मुळात हा पट्टा आणला कुणी ते पाहा. जपानच्या जिगोरो कानो यांनी १८८२ला ज्युदोची स्थापना केली आणि पुढच्याच वर्षी पहिले डान दिले. हेच कानो अनेक वर्षं टोकियोच्या उच्च शिक्षक प्रशिक्षण शाळेचे प्रमुख होते. शिक्षक घडवणं हेच त्यांचं आयुष्याचं काम. जपानच्या ओकिनावा बेटावर आंको इतोसु यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कराटे शाळेत नेलं, तेव्हा मोठ्यांचे काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचे क्रम, मुलांच्या माथी मारले नाहीत. मुलांना झेपतील असे पाच नवे काता त्यांनी बसवले, पिनान. आपल्या गावातला शोतोकानचा मुलगा पहिला काता म्हणून जो हेइआन शोदान शिकतो, तो त्यातूनच आला आहे. कराटे टोकियोत पोचवणारे गिचिन फुनाकोशीसुद्धा आधी शाळामास्तर होते. शिकवण्याचा विचार या लोकांनी इतक्या मुळापासून केला आणि आपण त्यातला फक्त पट्टा उचलला.

अखाड्यात हा गोंधळ होत नाही. तिथे पट्टाच नसतो. वस्ताद ओळखला जातो तो त्याच्या पठ्ठ्यांवरून, आणि गावातला सगळ्यात ताकदीचा पैलवान हाच वस्ताद असला पाहिजे असं कुणालाही वाटत नाही. विहिरीत वरून सूर मारणाऱ्या प्रत्येकाच्या हवाली आपण पोहायला शिकणारं लेकरू करत नाही, हेही आपल्याला कळतं.

पदकांबद्दल थोडक्यात. राज्य किंवा राष्ट्रीय स्पर्धेतलं पदकही खेळाडूचं असतं. पंचाची परीक्षा दिलेला माणूस पंच असतो. दोन्हींचा मान आहे, दोन्हींतून प्रशिक्षक होत नाही. एका दिवसात हॉलमध्ये उरकलेल्या 'आंतरराष्ट्रीय' स्पर्धांची प्रमाणपत्रं तर मी बाजूलाच ठेवतो. दहावीच्या गुणांसाठी किंवा नोकरीतल्या खेळाडू आरक्षणासाठी कोणत्या संघटनेचं प्रमाणपत्र चालतं, हे पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन विचारा.

काही गोष्टी दिसल्या की मी त्या वर्गाची शिफारस करत नाही. पहिली म्हणजे २६ जानेवारीला डोक्यावर कौलं फोडणं आणि पोटावरून मोटारसायकल नेणं. त्यात मुलांना शिकण्यासारखं काहीही नाही, आणि कवटी नववीतल्या मुलाची असते. दुसरी, स्प्लिट होत नाही म्हणून पाठीवर बसून पाय फाकवणं. वाढत्या वयातल्या मुलाला तसं दाबायचं नसतं. लवचिकता अंग गरम झाल्यावर, हळूहळू, महिन्यांनी येते. तिसरी, डोक्याला मार लागलेल्या मुलाला पाणी पाजून पुन्हा लढतीत उभं करणं. त्या दिवशी त्याचा सराव संपला, आणि उलटी, गुंगी, डोकेदुखी असेल तर थेट दवाखाना. चौथी, उन्हाळी शिबिर सकाळी नऊला सुरू करणं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो. वर्ग सातच्या आत संपायला हवा.

आणि मुलींच्या वर्गाबद्दल स्पष्टच बोलतो. हात धरून, कंबर धरून पवित्रा दुरुस्त करणं ही सवय तरुण सरांना त्यांच्याच सरांकडून लागलेली असते. तोंडाने सांगून, रेघ आखून, मुलींच्या जोड्या लावून दुरुस्ती करणं हे कौशल्य आहे आणि ते शिकावं लागतं. शाळेची एक शिक्षिका वर्गात पूर्ण वेळ हजर हवीच. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा २०१२चा पोक्सो कायदा काय सांगतो, हे प्रशिक्षकाला शाळेने पहिल्याच दिवशी समजावून द्यायला हवं.

यात गावच्या पोराला डावलायचं नाही. उलट बाहेरून आठवड्यातून एकदा गाडीने येणाऱ्या मोठ्या नावाच्या सरांपेक्षा मला रोज मैदानावर दिसणारं गावचं पोरगं जास्त पसंत आहे. पण त्याला आधी एक वर्ष कुणा जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली सहायक म्हणून पाठवा. एसटीचं भाडं शाळेने किंवा ग्रामपंचायतीने द्यावं, कौलांवर आणि मंडपावर होतो त्याहून तो खर्च कमी आहे. प्रथमोपचाराचं प्रशिक्षण करून घ्या. बारावी झालेली असेल तर पुढे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला जायला सांगा.

आणि वर्ग सुरू करण्याआधी त्याच्याकडून एक किक मारून घेण्याऐवजी त्याला सातवीतल्या दोन मुली द्या, ज्यांनी आजवर कधी किक मारलेली नाही. अर्धा तास शिकवू द्या. तुम्ही त्याच्याकडे पाहू नका, मुलींच्या टाचेकडे पाहा. अर्ध्या तासात तो एकदाही त्यांच्या मागे जाऊन उभा राहिला नाही, तर त्याला अजून एक वर्ष शेवटच्या रांगेत काम करू द्या.