मुखतपासणी, वृद्धाश्रमातील

वृद्धाश्रमवासी व्यक्तीचे ओठ, जीभ, हिरड्या, दात व कवळी यांची ठरावीक नमुन्यानुसार, बहुधा परिचारिकेने करावयाची पाहणी. रोगनिदान हा तिचा हेतू नाही. दंतवैद्याला कोणाला दाखवायचे, एवढे तीवरून ठरते.

अशा नोंदी सक्तीच्या झाल्या त्या अमेरिकेत, वृद्धाश्रमांविषयीच्या १९८७ च्या कायद्यानंतर, साधारण १९९० च्या सुमारास. तोंडात न डोकावताच रकाने भरले जात, त्यामुळे त्यांत दोष फार कमी आढळत. गुणांकनाचा उगम सामान्यतः केसर-जोन्स व सहकाऱ्यांच्या दहा घटकांच्या नमुन्यात (१९९५) मानतात. चाल्मर्स व सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात (२००५) त्याचे आठ घटक केले : प्रत्येकी ० (निरोगी) ते २ (बिघडलेले), एकूण १६ गुण. दंतवैद्याच्या तपासणीशी ताडून पाहता ओठ, जीभ, दात व कवळी यांचे गुण चांगले जुळले, हिरड्यांचे मध्यम; लाळ, स्वच्छता व दातदुखी यांचे मात्र जुळले नाहीत. तेव्हा ‘दुखत नाही’ या नोंदीवर विसंबू नये. स्मृतिभ्रंश झालेल्या आजी दुखते असे सांगत नाहीत, घास गालात धरून ठेवतात किंवा भाकरी सोडून पेजेवर येतात.

आठ घटकांचा नमुना आटोपशीर असला, तरी त्यात मानेच्या गाठी चाचपणे गळले आहे. कोकणात ते गाळणे परवडणारे नाही. येथे वृद्ध स्त्रियांत मशेरीची, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड बोटाने चोळण्याची सवय आढळते आणि तोंडाचा कर्करोग मानेतील गाठींत पसरतो. या बाबतीत जुना नमुनाच अधिक ग्राह्य वाटतो. सुपारीने गालाची त्वचा आतून ताठर होते. तोंड किती उघडते याला दोन्ही नमुन्यांत रकाना नाही, तो जोडावा. समोरचे दात शाबूत असल्यास त्या व्यक्तीची स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का, हे पाहणे पुरते.

पाहणी विजेरीच्या उजेडात, कवळी काढून करावी. मशेरीचा काळपट थर ओल्या कापडाने पुसून ओठ व हिरडी यांमधील खाच पाहावी. पांढरा चट्टा बहुधा तेथेच, पूड धरण्याच्या जागी असतो. वरची कवळी रात्रंदिवस घालणाऱ्यांची टाळू तिच्याच आकारात लालभडक झालेली दिसते. एकूण बेरीज कमी असली तरी एका घटकाला २ गुण पडल्यास दंतवैद्याला दाखवणे इष्ट.

कवळ्या एकत्र धुताना अदलाबदल होते, म्हणून प्रत्येक कवळीवर नाव घालण्याची शिफारस करतात.