डिजिटल कलर प्रेस घेण्याआधी : खान्देशातल्या छापखान्यांसाठी माहितीपत्रक

डेमोला येताना तुमचा कागद आणि तुमचीच फाईल सोबत आणा. कंपनीचा नमुना कोणत्याही मशीनवर देखणाच येतो, कारण त्याची फाईल आणि कागद त्या मशीनसाठीच निवडलेले असतात. तुमच्या दुकानात मात्र आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) तोंडावर ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) मेटॅलिक कार्ड, खरखरीत टेक्श्चर आणि गिऱ्हाइकाने व्हॉट्सॲपवर धाडलेला फोटो येतो. मशीन त्यावर पारखायचं.

टोनर, म्हणजे या मशीनची भुकटीची शाई, कागदावर विजेच्या भाराने ओढला जातो आणि फ्यूजरच्या, म्हणजे तापलेल्या रोलरच्या, उष्णतेने वितळून चिकटतो. ऑफसेटच्या शाईसारखा तो कागदात मुरत नाही, वर थर होऊन बसतो. बहुतेक तक्रारींचं मूळ इथेच असतं. टेक्श्चरच्या खड्ड्यात टोनर उतरत नाही आणि पांढरे ठिपके दिसतात. मेटॅलिक कार्डाचा धातूचा थर भार वाहून नेतो, त्यामुळे गडद भाग फिका किंवा डागाळलेला येतो. जाड कार्डाची घडी घातली की थर तडकतो आणि आतला पांढरा कागद डोकावतो. म्हणून २०० जीएसएमच्या वर आधी क्रीज (घडीच्या जागी दाबून पाडलेली खाच), मग घडी; आणि घडीवरून गडद रंग जाणार नाही अशी मांडणी करा. लॅमिनेशनची साधी फिल्म काही टोनरवर धरत नाही, दोन दिवसांनी कडा सुटतात. डेमोच्या शीटवर तुमचीच फिल्म लावून दोन दिवस थांबा.

पाठपोट छपाईचा मेळ असा तपासा : १२×१८ इंची शीटच्या चारही कोपऱ्यांत दोन्ही बाजूंना बारीक फुलीची खूण घ्या. छापून झाल्यावर पुढच्या फुलीतून टाचणी टोचा आणि मागे ती कुठे निघते ते बघा. एका कोपऱ्यात अर्धा मिलिमीटर आणि शेपटीकडे, म्हणजे मशीनमधून शेवटी निघणाऱ्या कडेला, दीड मिलिमीटर फरक निघाला, तर कागद पहिल्या फेरीत फ्यूजरमध्ये तापून आकसला आहे. मागच्या बाजूचा आकार त्या प्रमाणात बदलायची सोय मशीनमध्ये असावी, आणि ती प्रत्येक ट्रेला, प्रत्येक कागदाला वेगळी साठवता यावी. व्हिजिटिंग कार्ड करणाऱ्याने हे टाळूच नये, कारण ९०×५४ मिलिमीटरची २४ कार्डं एका शीटवर बसतात आणि मिलिमीटरभर सरकलं की सगळी कटिंगमध्ये वाया जातात.

सलग किमान ३०० शीट चालवा. पहिली आणि शेवटची शीट दाराशी उजेडात शेजारी ठेवा, ट्यूबखाली नको. भगवा, कुंकवाचा लाल, चेहऱ्याचा रंग आणि फिकट राखाडी पट्टा एवढं पाहिलं तरी पुरे. राखाडीत आडव्या रेषा दिसल्या तर ड्रम (ज्यावर चित्र उमटतं तो रोलर) किंवा डेव्हलपर (ड्रमवर टोनर चढवणारा भाग) तपासायला हवा. मजकुरात जुना मराठी फॉन्ट असेल, तर पीडीएफमध्ये तो एम्बेड करा (फाईलमध्येच साठवा) किंवा कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचं चित्ररेषांत रूपांतर करून, आणा. नाहीतर जोडाक्षरं फुटतात आणि दोष उगाच मशीनच्या माथी बसतो.

वेगाचा जो आकडा सांगतात तो ए-४ आणि हलक्या कागदाचा असतो. जाड कार्डावर तो बऱ्याचदा निम्म्यावर येतो. घड्याळ लावून तुमच्या कार्डाची १०० पाठपोट शीट मोजा.

खर्चात सगळ्यात फसवा भाग म्हणजे क्लिक, म्हणजे सेवा-करारात दर छापील बाजूमागे कंपनीला द्यायचा दर. बऱ्याच करारांत ए-४ च्या एका बाजूला एक क्लिक आणि त्याहून मोठ्या शीटला दोन धरतात. समजा क्लिक ३ रुपयांचा ठरला. मग १३×१९ इंची पाठपोट शीट ४ क्लिकचं, म्हणजे कागद सोडून १२ रुपयांचं. दर ऐकताच हा प्रश्न विचारा : १३×१९ ला किती क्लिक? क्लिकमध्ये टोनर आहे, की ड्रम, बेल्ट (टोनर कागदापर्यंत नेणारा पट्टा), फ्यूजरही? जॅम होऊन (मशीनमध्ये अडकून) फुकट गेलेलं शीट कोणाच्या खात्यात? टोनर वेगळा घेणार असाल, तर त्याच्या डब्यावरची पानसंख्या सहसा दर रंगामागे पानाच्या ५ टक्के भागावरच्या छपाईवर धरलेली असते. पानभर रंगाची पत्रिका त्याच्या कित्येक पट टोनर खाते. दरमहा किमान क्लिकची अट शक्यतो वर्षभराच्या हिशेबावर मागा, कारण चातुर्मासात लग्नांचं काम थंडावतं आणि तुळशीच्या लग्नानंतर एकदम उसळतं.

आता खोली. मशीनला साधारण २० ते २५ अंश तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. कोरड्या हवेत कागदावर स्थिर वीज साचते, दोन शीट एकदम ओढली जातात. कुलरची ओली हवा मशीनच्या खोलीत सोडू नका, कागद तिने लाटेसारखा वाकतो. एसी लावा, भिंतीवर आर्द्रतामापक टांगा आणि रिम वापरायच्या वेळीच फोडा. उरलेला कागद वेष्टनात परत गुंडाळा. पावसाळ्यात ओलसर कागद टोनर नीट घेत नाही, रंग चट्ट्याचट्ट्याने येतो.

वीज वेगळ्या लाइनवरून घ्या आणि अर्थिंग स्वतंत्र करा. न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज ३ व्होल्टच्या आत असावा. इलेक्ट्रिशियनकडून मीटर लावून मोजून घ्या, तोंडी भरवसा धरू नका. फ्यूजरचा हीटर एकदम जोराने करंट ओढतो, संगणकाचा साधा यूपीएस तिथे टिकत नाही. मशीनच्या पाटीवरचा लोड पाहून त्याहून चतुर्थांश मोठा ऑनलाइन (सतत स्वतःमधूनच वीज पुरवणारा) यूपीएस धरा.

जुनं मशीन घेत असाल तर एकूण काउंटर (आजवर छापलेल्या पानांचा आकडा) पाहून थांबू नका. ड्रम, बेल्ट, फ्यूजर यांचं किती आयुष्य उरलं आहे तो अहवाल मशीनमधूनच छापून घ्या. एकट्या फ्यूजरचा खर्च किमतीतली सगळी सूट गिळू शकतो. आणि शहादा किंवा चोपड्याला मशीन बंद पडलं तर इंजिनीअर कुठून, किती तासांत येणार, हे करारात लिहून घ्या.

डेमोला आणायचं : तुमच्या चार प्रकारच्या कार्डांची प्रत्येकी १०० शीट, पाठपोट ३०० शीटसाठी रोजचा आर्ट पेपर, छापून बिघडलेलं एखादं जुनं काम आणि त्याची मूळ फाईल, एक टाचणी, आणि तुमचा कटिंगवाला.