अटलांटातील कृष्णवर्णीय स्त्रिया : परिस्थिती आणि निवड

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्याची राजधानी असलेल्या अटलांटा शहरात १८६५ साली गुलामगिरी संपल्यानंतरच्या शंभर वर्षांत कृष्णवर्णीय स्त्रियांनी कोणते काम पत्करले, कोणते नाकारले, शिक्षण कोठवर घेतले आणि आपल्या वस्तीसाठी काय उभे केले, याचा इतिहास सामाजिक परिस्थिती व व्यक्तीची निवड यांचा संबंध समजून घेण्यासाठी विशेष उपयोगी पडतो. जुन्या मराठी लेखनात या समाजाला ‘निग्रो’ किंवा ‘हबशी’ म्हटलेले आढळते. ते शब्द आता मागे पडले आहेत.

गुलामगिरीच्या काळात निवडीला जवळजवळ वावच नव्हता. मूल आईच्या दर्जावर जाते, म्हणजे गुलाम स्त्रीचे मूल जन्मतःच गुलाम ठरते, हे तत्त्व व्हर्जिनियाने १६६२ मध्ये कायद्यात आणले आणि पुढे ते दक्षिणेत सर्वत्र रूढ झाले. गुलामांना लिहिणे-वाचणे शिकवणे हा जॉर्जियात १८२९च्या कायद्याने गुन्हा ठरला होता. मुक्तीनंतर खेड्यांतून अटलांटात आलेल्या स्त्रियांच्या हाती मालमत्ता नव्हती आणि बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती. दुकाने व कचेऱ्या त्यांना बंद होत्या, त्यामुळे नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी जवळपास सगळ्याच स्वयंपाकीण, दाई (मालकाची मुले सांभाळणारी), मोलकरीण किंवा धोबीण म्हणून राबत होत्या.

तरीही या चार कामांत त्या फरक करीत, आणि तो फरक महत्त्वाचा आहे. स्वयंपाकीण किंवा दाई मालकाच्या घरात, बहुधा दिवसरात्र, मालकिणीच्या नजरेखाली असे. घरातील पुरुषांच्या अत्याचाराचे भय वेगळेच. धोबीण मात्र सोमवारी गोऱ्या कुटुंबांकडून कपड्यांची बोचकी गोळा करी, आपल्या अंगणात ते उकळी, खळबळून काढी, खळ घालून इस्त्री करी आणि शनिवारी घरपोच देई. साबण ती घरीच तयार करी, खळ गव्हाच्या कोंड्यापासून काढी, आणि दारूची पिंपे अर्धी कापून टब बनवी. पाणी विहिरीवरून किंवा नळावरून वाहून आणावे लागे. एवढे करून महिन्याला ४ ते ८ डॉलर मिळत. काम पाठ मोडणारे होते, पण मुले डोळ्यांसमोर राहत, शेजारणी सोबतीला असत आणि दिवसाची आखणी आपल्या हाती राहत असे. लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या स्त्रिया धुण्याकडे वळत, यामागचे कारण हेच. दिलेल्या पर्यायांतून जिथे स्वतःचा अधिकार थोडा अधिक, तो पर्याय त्यांनी उचलला.

अंगणात एकत्र बसून काम करण्याच्या या रीतीतूनच १८८१चा संप उभा राहिला. जुलैच्या आरंभी सुमारे २० धोबिणींनी एका चर्चमध्ये जमून संघटना स्थापन केली आणि डझनभर पौंड कपड्यांना १ डॉलर असा सर्वत्र एकच दर मागितला. त्या घरोघर फिरल्या. तीन आठवड्यांत संपकऱ्यांची संख्या ३,००० वर गेल्याचे सांगितले जाते. शहराची एकूण वस्ती त्या वेळी ३७,००० च्या आसपास होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते. पोलिसांनी काहींना पकडले, दंड झाले, आणि धोबिणींच्या संघटनेतील प्रत्येक सदस्येवर वर्षाला २५ डॉलरचा परवाना लादण्याचा प्रस्ताव नगरपरिषदेपुढे आला. धोबिणींनी महापौरांना कळवले, की आम्ही परवाना शुल्क भरू, मात्र शहरातल्या धुण्यावर ताबा आमचा राहील. धाक दाखवायला आणलेले हत्यारच त्यांनी मक्त्याची मागणी करण्यासाठी वापरले. अखेर परिषदेने हा प्रस्ताव फेटाळला. त्या शरद ऋतूत शहरात कापसाचे मोठे प्रदर्शन भरायचे होते. तेव्हा पुन्हा संप होईल या शंकेनेही गोरी कुटुंबे अस्वस्थ होती.

त्याच वर्षी, ११ एप्रिल रोजी, त्याच शहरातील फ्रेंडशिप बॅप्टिस्ट चर्चच्या तळघरात सोफिया पॅकार्ड व हॅरिएट जाइल्स या दोन गोऱ्या शिक्षिकांनी ११ विद्यार्थिनींना घेऊन शाळा सुरू केली. त्यांतील बहुतेक प्रौढ, पूर्वी गुलाम असलेल्या स्त्रिया होत्या, आणि त्यांना बायबल स्वतः वाचायचे होते. ही संस्था १८८४ मध्ये स्पेलमन सेमिनरी आणि १९२४ मध्ये स्पेलमन कॉलेज झाली. येथे १८८६ पासून परिचारिकांचे शिक्षण मिळू लागले, म्हणजे शिक्षिका होण्याखेरीज आणखी एक वाट खुली झाली. सरकारी शाळांनी ही वाट रुंद केली नाही : कृष्णवर्णीय मुलांसाठी शहरातली पहिली सरकारी माध्यमिक शाळा १९२४ मध्ये उघडली. तोवर प्राथमिक शाळेपुढे शिकायचे तर खासगी संस्थेची फी परवडावी लागे, आणि धोबिणीच्या मुलीला ती परवडणे अवघड होते.

सप्टेंबर १९०६ मध्ये गोऱ्या जमावांनी कृष्णवर्णीय वस्त्यांवर हल्ले केले. त्यानंतर दोन वर्षांनी लुजीनिया बर्न्स होप यांनी शिक्षित स्त्रियांना घेऊन ‘नेबरहूड युनियन’ ही संघटना काढली. शहराचे भाग पाडून घरोघर पाहणी करणे, आजाऱ्यांची विचारपूस, मुलांसाठी वर्ग व खेळाची जागा, शाळांच्या दुरवस्थेबद्दल अधिकाऱ्यांकडे तक्रारी, असे तिचे काम होते. परिस्थिती बदलल्याखेरीज माणूस घडत नाही, हे या स्त्रियांनी ओळखले होते. मात्र मध्यमवर्गीय सभ्यतेच्या कल्पनाही त्या बरोबर घेऊन जात. दिवसभर राबून रात्री नाचायला जाणाऱ्या मोलकरणींकडे काही सुधारक स्त्रिया नापसंतीने पाहत, आणि आपलेपणाच्या आड ही दरी लपत नसे.

राष्ट्रीय कायद्यांनी घरकामाचे मोल आणखी कमी केले. सामाजिक सुरक्षा आणि संघटनेचा हक्क देणारे १९३५चे कायदे, तसेच किमान वेतनाचा १९३८चा कायदा, या तिन्हींतून घरकामगारांना वगळण्यात आले. पुढे १९४० मध्येही देशातील नोकरदार कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ६० टक्के घरकामातच होत्या, तेव्हा या वगळण्याचा भार कोणावर पडला हे वेगळे सांगायला नको.

अटलांटात १९६८ मध्ये डोरोथी बोल्डन यांनी घरकामगार स्त्रियांची नवी संघटना स्थापन केली. नवव्या वर्षापासून घरकाम करणाऱ्या बोल्डन यांनी सदस्य गोळा केल्या त्या बसमध्ये, कामावर जाणाऱ्या-येणाऱ्या स्त्रियांशी बोलून. सदस्यत्वासाठी मतदार म्हणून नोंदणी त्यांनी आवश्यक ठरवली.

महाराष्ट्राशी या विषयाचा दुवा जुना आहे. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ गुलामांना मुक्त करण्याच्या कामी औदार्य दाखवणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केला. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रीवादाशी संवाद साधत समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी १९९८ मध्ये दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी, म्हणजे दलित स्त्रियांच्या जगण्याच्या जागेवरून समाजाकडे पाहण्याची दृष्टी, मांडली. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात कल्याण मंडळाचा कायदा २००८ मध्ये झाला.

अमेरिकेत किमान वेतनाचा कायदा घरकामगारांना १९७४ च्या दुरुस्तीने लागू झाला. न्यूयॉर्कच्या शर्ली चिझम, काँग्रेसवर (अमेरिकी संसदेवर) निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री, यांनी या दुरुस्तीसाठी जोर लावला होता. त्या दुरुस्तीतही वृद्धांच्या व आजाऱ्यांच्या सोबतीला राहणाऱ्यांना सूट म्हणून वगळले गेले, आणि घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या बहुतेक स्त्रियांना हे संरक्षण मिळण्यास २०१५ साल उजाडले.