दाताचं वार्निश आणि फिलिंगचं वार्निश

दोन्ही ब्रशने लावतात, दोन्हींचा पातळ थर बसतो आणि दवाखान्यात दोन्हींना वार्निशच म्हणतात. त्यामुळे गल्लत होते. इंदूरला रामबागेतल्या एका आजींनी फ्लोराइड लावून घेतल्यावर विचारलं, "आता माझं फिलिंग पक्कं झालं ना?" तसं होत नाही.

फ्लोराइड वार्निश दातासाठी असतं. नेहमीच्या वार्निशमध्ये राळेत मिसळलेलं ५ टक्के सोडियम फ्लोराइड असतं. ते काही तास दाताला चिकटून राहतं आणि इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, आम्लाला सहज विरघळेनासं होतं. फिलिंगच्या कडेला, जिथे कीड पुन्हा शिरते, तिथे त्याचा मोठा उपयोग. भरलेला मसाला मात्र त्याने मजबूत होत नाही.

दुसरं वार्निश, म्हणजे कोटिंग, ग्लास आयोनोमर सिमेंटसाठी; हा फिलिंगचा एक काचयुक्त मसाला. विल्सन आणि केंट या ब्रिटिश संशोधकांनी १९७२ मध्ये जगापुढे मांडलेलं हे सिमेंट सुरुवातीला फार नाजूक असतं. लाळ लागली तर पृष्ठभाग धुपतो, कोरडं पडलं तर बारीक तडे जातात. म्हणून वर रेझिन (प्लास्टिकसारखा पातळ द्रव) लावून निळ्या प्रकाशाने घट्ट करतात, निदान व्हॅसलीन तरी चोपडतात. रेझिनने बारीक खड्डेही बुजतात. चावून चावून ते झिजतं, पण तोवर सिमेंट मुरलेलं असतं. एक तोटा आहे: कोटिंग असेपर्यंत सिमेंटमधून फ्लोराइड कमी झिरपतं. माझ्या मते पहिल्या दिवसांचं संरक्षण त्याहून मोलाचं.

खरी काळजी घ्यायची ती आम्लयुक्त फ्लोराइड जेलची. त्यात १.२३ टक्के फ्लोराइड असतं, पीएच साधारण ३.५, म्हणजे चांगलंच आंबट. त्यातलं हायड्रोफ्लोरिक आम्ल काच खातं, आणि काच आयोनोमरमध्येही असते, बऱ्याच काँपोझिटमध्येही (दाताच्या रंगाचं, रेझिनचं फिलिंग). काँपोझिटमधले काचेचे कण विरघळले की मधलं रेझिन तेवढं उरतं. चकाकी जाते, जिभेला खरखर जाणवते, चहाचे डाग धरतात. पोर्सिलेनच्या कॅपचंही तेच. २ टक्के सोडियम फ्लोराइडचं न्यूट्रल, म्हणजे आम्ल नसलेलं, जेल काचेला असा त्रास देत नाही. तोंडात बरीच फिलिंग्ज असतील तर फ्लोराइड टाळू नका, डॉक्टरांना सांगून न्यूट्रल जेल किंवा वार्निश मागा.

फ्लोराइड वार्निश लावलेल्या दिवशी कडक, चिकट काही खाऊ नका, रात्री ब्रशही नको. इंदूरच्या सराफा बाजारातले गराडू, म्हणजे तळलेले कंद, दुसऱ्या दिवशी. सिमेंट भरलं असेल तर त्या बाजूने २४ तास चावू नका.