स्टॉक कार शर्यतींतील वैर

स्टॉक कार शर्यतींतील वैर : अमेरिकेतील नॅसकार या संघटनेच्या शर्यतींत दोन चालक, दोन संघ किंवा दोन मोटार कंपन्या यांच्यात दीर्घकाळ चालणारी खुन्नस. चुरस आणि वैर यांत फरक आहे. चुरस पहिल्या नंबरासाठी असते आणि झेंडा पडला की संपते. वैरात मागच्या महिन्यात किंवा मागच्या वर्षी बसलेली धडक लक्षात ठेवलेली असते आणि ती कधीतरी परत करायची असते. चालक या गोष्टी बोलतात तेही उधारीच्या भाषेत : अमक्याचं माझ्याकडे एक देणं आहे, ते फेडायचं राहिलंय. मराठीत ज्याला डूख धरणे म्हणतात, त्याच्या फार जवळ जाणारी ही गोष्ट आहे.

असे वैर याच खेळात का फोफावते, याचे पहिले कारण गाडीच्या बांधणीत आहे. फॉर्म्युला वनच्या गाडीची चाके उघडी असतात. दोन गाड्या जरा घासल्या तरी एखादे चाक निखळते आणि दोघांचीही शर्यत संपते. स्टॉक कारची चाके पत्र्याखाली झाकलेली असतात आणि गाडीचे वजन दीड टनाच्या आसपास असते. त्यामुळे धक्का देणाऱ्याला तो देऊनही पुढे निघून जाता येते. दुसरे कारण वेळापत्रकाचे. मुख्य मालिकेत फेब्रुवारी ते नोव्हेंबरपर्यंत गुणांच्या ३६ शर्यती होतात आणि दर आठवड्याला तीच चाळीसेक माणसे समोरासमोर येतात. गॅरेजमधल्या जागाही पुष्कळदा गुणतक्त्याच्या क्रमाने मिळतात, म्हणजे ज्याच्याशी बिनसले आहे त्याच्याच शेजारी गाडी लावावी लागते.

धक्क्याधक्क्यांत भेद असतो, आणि तो कळल्याशिवाय ही भांडणे समजत नाहीत. वळणात शिरताना मागून बंपरला हलकेच ढोसले, की पुढच्या गाडीचे मागचे टोक किंचित उचलले जाते, टायरची पकड सुटते आणि गाडी वरच्या बाजूला घसरते. मोकळ्या झालेल्या आतल्या जागेतून मागचा निघून जातो. याला बंप अँड रन म्हणतात. ब्रिस्टल किंवा मार्टिन्सव्हिलसारख्या जेमतेम अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर हा डाव जवळजवळ शिष्टसंमत आहे. मात्र पुढच्या गाडीच्या उजव्या मागच्या कोपऱ्यात आपले डावे पुढचे टोक अडकवले, तर ती गाडी गर्रकन उजवीकडे वळते आणि नाकासमोर भिंतीत जाते. याला राइट रिअर हुक म्हणतात. पहिल्या प्रकाराने माणूस चिडतो. दुसऱ्याने जिवावर बेतू शकते. २०२२ मध्ये लास वेगासला बबा वॉलेसने काइल लार्सनची गाडी अशी वळवली आणि २०२३ मध्ये शार्लटला चेस एलियटने डेनी हॅमलिनची. दोघांनाही प्रत्येकी एका शर्यतीची बंदी सोसावी लागली.

पूर्वपीठिका

या खेळाची मुळे अमेरिकेच्या दक्षिणेत, चोरट्या दारूच्या धंद्यात आहेत. वरून साधी दिसणारी पण आतून सुधारलेली गाडी पोलिसांच्या हाती लागू न देता डोंगरातून पळवणारी पोरे पुढे ट्रॅकवर आली. बिल फ्रान्स (थोरले) याने डिसेंबर १९४७ मध्ये डेटोना बीचच्या एका हॉटेलात बैठक बोलावली आणि पुढच्या फेब्रुवारीत नॅसकारची रीतसर नोंदणी झाली. १९४९ मधल्या मुख्य मालिकेच्या अगदी पहिल्या शर्यतीतच वादाला तोंड फुटले : विजेता ग्लेन डनवे याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार सापडला आणि त्याला बाद करून जिम रोपरला विजयी ठरवण्यात आले. त्या काळचा मोठा चालक ज्युनियर जॉन्सन वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला होता आणि त्याने ११ महिने तुरुंगात काढले होते. अशा मंडळींनी ‘खेळ आहे, सोडून द्या’ असे म्हणण्याची अपेक्षा कुणी धरली नव्हती.

कंपन्यांची भांडणे वेगळ्या जातीची होती. रविवारी जिंका, सोमवारी विका हे मोटार कंपन्यांचे तत्त्व, त्यामुळे नियम कुणाच्या सोयीचा यावर खरी लढाई चाले. क्रायस्लरचे ४२६ हेमी इंजिन १९६४ मध्ये सगळ्यांना पुरून उरले. नॅसकारने नियम आवळले तेव्हा १९६५ मध्ये क्रायस्लरने बहिष्कार टाकला आणि पुढच्याच वर्षी तेच अस्त्र फोर्डने उगारले. चालक रिचर्ड पेटी १९६९ मध्ये क्रायस्लरचीच प्लिमथ गाडी सोडून फोर्डकडे गेला, आणि त्याला परत ओढण्यासाठी प्लिमथने उंच पंखाची सुपरबर्ड ही गाडी आणली. तो परत आलाही.

पेटी आणि पिअरसन

नॉर्थ कॅरोलायनातला पेटी आणि साउथ कॅरोलायनातला डेव्हिड पिअरसन यांचे वैर हा या विषयातला अपवाद म्हणावा लागेल, कारण त्यात आदर अधिक आणि शिव्या कमी होत्या. पेटीचे २०० विजय, पिअरसनचे १०५. पहिला आणि दुसरा क्रमांक या दोघांनीच पटकावला असे ६३ वेळा घडले. त्यांपैकी ३३ वेळा पिअरसन पुढे होता. पेटीच्या चाहत्यांना हा दुसरा आकडा फारसा सांगायला आवडत नाही.

१९७४ च्या ४ जुलैला डेटोनावर शेवटच्या फेरीत पिअरसन पुढे होता. पुढे असणे तिथे तोट्याचे, कारण मागच्या गाडीला पुढच्याच्या आडोशाने हवेचा विरोध कमी लागतो आणि शेवटी ती झोकात बाहेर काढता येते. पिअरसनने अचानक पाय उचलला. इंजिन गेले असे समजून पेटी बाजूने पुढे निघाला, आणि मग पिअरसनने त्याच्याच आडोशाने वेग घेऊन त्याला शेवटी गाठले. पेटी संतापला तो हरल्याबद्दल नव्हे. ताशी पावणेदोनशे मैलांच्या पुढे धावणाऱ्या गाडीने तोंडासमोर असा वेग कमी करणे जिवाशी खेळ आहे, असे त्याचे म्हणणे होते.

दोन वर्षांनी, १९७६ च्या डेटोना ५०० मध्ये, शेवटच्या वळणातून बाहेर पडताना दोघांच्या गाड्या एकमेकींना लागल्या आणि दोन्ही भिंतीवर आदळल्या. पेटीची गाडी अंतिम रेषेच्या अलीकडे गवतात थांबली, आणि इंजिन बंद पडले ते पुन्हा सुरू होईना. पिअरसनने गिरक्या खात असतानाच क्लच दाबून धरला होता, म्हणून त्याचे इंजिन चालू राहिले. नाक चेपलेली, पत्रे लोंबणारी त्याची मर्क्युरी गाडी सायकलच्या वेगाने गवतातून सरपटत आली आणि रेषा ओलांडून जिंकली. इतके होऊनही हाणामारी झाली नाही.

डेटोना, १८ फेब्रुवारी १९७९

ती उणीव तीन वर्षांनी भरून निघाली. सीबीएस वाहिनी ५०० मैलांची शर्यत पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत थेट दाखवत होती, आणि त्या दिवशी अमेरिकेच्या पूर्वेकडे हिमवादळामुळे लोक घरात अडकून पडले होते. कधी स्टॉक कार पाहिली नव्हती अशांनीही दुसरे काही नाही म्हणून टीव्ही लावला.

शर्यतीच्या सुरुवातीलाच केल यारबरो, डॉनी ॲलिसन आणि त्याचा भाऊ बॉबी यांच्या गाड्या एकमेकांत गुंतून मागच्या सरळ रस्त्याकडेच्या चिखलात गेल्या होत्या. यारबरो काही फेऱ्यांनी मागे पडला आणि त्याने त्या एकेक करून भरून काढल्या. शेवटच्या फेरीला डॉनी पहिला, यारबरो त्याच्या बंपरला चिकटून दुसरा. यारबरोने आतून घुसायचा प्रयत्न केला, डॉनीने त्याची वाट अडवली, यारबरोची डावी चाके ओल्या गवतात गेली. दोन्ही गाड्या एकमेकींवर आपटत तिसऱ्या वळणाच्या भिंतीत गेल्या आणि घरंगळत खाली मैदानात आल्या. अर्धी फेरी मागे असलेला पेटी आयता जिंकला.

बॉबी ॲलिसन शर्यत संपवून भावाला गाडीतून नेण्यासाठी थांबला. सुरुवातीच्या चिखलाचा राग यारबरोच्या डोक्यात होताच. तो हेल्मेट घेऊन बॉबीच्या खिडकीशी गेला. मग बॉबी उतरला आणि लाखो लोकांनी घरबसल्या गुद्दागुद्दी पाहिली. यारबरोचं नाक येऊन माझ्या मुठीवर आपटत राहिलं, हे बॉबीचे स्पष्टीकरण नंतर तो आयुष्यभर सांगत राहिला. गंमत म्हणजे ज्याच्यावरून हे सगळे झाले, त्या डॉनीने जवळपास हातच उचलला नाही. नॅसकारने तिघांनाही प्रत्येकी ६,००० डॉलर दंड केला आणि त्यानंतर कित्येक वर्षे जाहिरातींत तीच दृश्ये वापरली. एका हाताने दंड आणि दुसऱ्या हाताने तिकीटविक्री हा संघटनेचा खाक्या तिथून पुढे कधी बदलला नाही.

अर्नहार्ट आणि नंतर

१९८० आणि ९० च्या दशकांत बहुतेक भांडणांचे एक टोक डेल अर्नहार्टकडे असे. कनापोलिस या कापड गिरणीच्या गावातला, सात वेळचा विजेता, काळी तीन नंबरची गाडी. १९८६ मध्ये रिचमंडला तीन फेऱ्या उरल्या असताना त्याने डॅरेल वॉल्ट्रिपला भिंतीत घातले. पुढचे चौघे त्या राड्यात अडकले आणि पाचवा असलेला, रिचर्ड पेटीचा मुलगा काइल पहिल्यांदा जिंकला. १९९५ मध्ये ब्रिस्टलला रस्टी वॉलेसने शर्यतीनंतर त्याच्या दिशेने पाण्याची बाटली भिरकावली. १९९९ मध्ये तिथेच शेवटच्या फेरीत टेरी लबॉन्टीची गाडी गिरकी खायला लावून अर्नहार्ट जिंकला आणि म्हणाला, त्याला फिरवायचे नव्हते, फक्त त्याचा पिंजरा खडखडवायचा, म्हणजे त्याला जरा हादरवायचे होते. स्वतःच्याच माणसाने केलेली ही चाल टेनेसीतल्या प्रेक्षकांनाही पचली नाही. विजेत्याची हुर्यो उडवली गेली.

जेफ गॉर्डनशी त्याचे वैर मात्र बरेचसे प्रेक्षकांनी चालवले. कॅलिफोर्नियात जन्मलेला, नीटनेटका गॉर्डन दक्षिणेतल्या जुन्या चाहत्यांच्या डोळ्यात खुपे. अर्नहार्ट त्याला वंडर बॉय म्हणे, आणि हे पोरगं जिंकलं तर मेजवानीत दुधाचा प्याला उंचावेल अशी टिंगल करी. १९९५ चे अजिंक्यपद जिंकल्यावर गॉर्डनने खरोखर दुधाचा प्याला उंचावला.

अर्नहार्ट १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शेवटच्या वळणात मरण पावला. त्या अपघातात ज्याच्या गाडीचा स्पर्श झाला होता त्या स्टर्लिंग मार्लिनला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या, आणि शेवटी अर्नहार्टच्या मुलाला लोकांना आवरावे लागले. प्रेक्षकांचे वैर चालकांच्या वैरापेक्षा अधिक चिवट असते, ते असे.

२०१० च्या आरंभी नॅसकारने जाहीर केले की यापुढे चालकांना फार आवरणार नाही. त्या वेळचे शब्द मराठीत आणायचे तर ‘पोरांनो, होऊन जाऊ द्या’. दोन महिन्यांत अटलांटाला कार्ल एडवर्ड्सने शंभराहून अधिक फेऱ्या मागे असताना मुद्दाम ब्रॅड केसेलोव्स्कीला धडक दिली आणि त्याची गाडी हवेत उडून उलटली. आदल्या वर्षी टॅलाडेगाला एडवर्ड्सची गाडी प्रेक्षकांपुढच्या जाळीवर गेली होती, ती केसेलोव्स्कीशी टक्कर होऊनच. शिक्षा झाली तीन शर्यतींच्या देखरेखीची. हे फारच स्वस्तात सुटणे होते.

या उधारीच्या हिशोबाचा सर्वांत स्वच्छ नमुना २०१५ चा. ऑक्टोबरमध्ये कॅन्ससला पाच फेऱ्या उरल्या असताना जोई लोगानोने पुढे असलेल्या मॅट केन्सेथला फिरवले आणि शर्यत जिंकली. लोगानोला त्या विजयाची गरजही नव्हती, अजिंक्यपदाच्या बाद पद्धतीतला त्याचा पुढचा टप्पा आधीच पक्का होता. केन्सेथचे मात्र अजिंक्यपद हुकले. केन्सेथ ज्या २० नंबरच्या गाडीत होता, ती काही वर्षांपूर्वी लोगानोकडून काढून त्याला दिलेली. १ नोव्हेंबरला मार्टिन्सव्हिलला लोगानो सर्वांत पुढे आणि केन्सेथ मोडकी गाडी घेऊन नऊ फेऱ्या मागे होता. लोगानो बाजूला येताच केन्सेथने त्याला सरळ भिंतीपर्यंत नेले. प्रेक्षकांनी कुणी जिंकल्यासारखा जल्लोष केला. केन्सेथला दोन शर्यतींची बंदी आली.

हल्ली पुरावा लपत नाही. संघाची रेडिओवरची बोलणी चाहतेही ऐकतात. २०२४ मध्ये रिचमंडला शेवटच्या फेरीत ऑस्टिन डिलनने आधी लोगानो आणि मग हॅमलिनला उडवून शर्यत जिंकली, तेव्हा त्याच्या स्पॉटरचे, म्हणजे उंचावरून शर्यत पाहून चालकाला रेडिओवर सूचना देणाऱ्याचे, धडक द्यायला सांगणारे शब्द जगभर ऐकू गेले. विजय कायम राहिला, पण त्यातून मिळणारा प्लेऑफचा, म्हणजे अजिंक्यपदासाठीच्या शेवटच्या टप्प्यातल्या शर्यतींचा, प्रवेश काढून घेतला गेला आणि स्पॉटरवर बंदी आली.

भांडणे मिटतात तीही विचित्र रीतीने. २०१२ मध्ये फिनिक्सला गॉर्डनने क्लिंट बोयरला मुद्दाम भिंतीत घातले, दोन्ही संघांचे मेकॅनिक एकमेकांवर तुटून पडले आणि बोयर अग्निरोधक सूटमध्ये धापा टाकत गॉर्डनच्या ट्रककडे पळत सुटला. गॉर्डनला एक लाख डॉलर दंड झाला. २०२१ मध्ये हेच दोघे समालोचनाच्या खोलीत शेजारी बसून हसत होते.

याउलट वॉल्ट्रिप आणि बॉबी ॲलिसन यांचे प्रकरण. १९८१ आणि ८२ ची अजिंक्यपदे वॉल्ट्रिपची, दोन्ही वेळा दुसरा ॲलिसन. १९८३ ला उलटे. दोघांचेही कारकिर्दीतले विजय २०२४ पर्यंत ८४ धरले जात, म्हणून यादीत दोघे बरोबरीने चौथे होते. ॲलिसनचे म्हणणे, माझे ८५. १९७१ मध्ये बोमन ग्रे स्टेडियमवर त्याने एका छोट्या मालिकेची मस्टँग चालवून सगळ्यांना मागे टाकले होते, पण गाडी मुख्य मालिकेची नाही म्हणून तो विजय कुणाच्याच नावावर लागला नाही. नॅसकारने तो ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या नावावर चढवला. पुढच्या महिन्यात, ९ नोव्हेंबरला, ॲलिसन वारला.