चिवचिवीतला ‘च’ आणि चुकचुकण्यातला ‘च’

चिमणी चिवचिवते आणि पाल चुकचुकते. कागदावर दोन्हीकडे एकच ‘च’ आहे, पण दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून बघा. चिवचिवीत जीभ टाळूला पसरून टेकते. चुकचुकण्यात तिचं टोक दातांमागे आपटून सुटतं. (‘चिंच’ म्हणताना तर एकाच शब्दात दोन्ही ‘च’ येतात.) देवनागरीने या दोघांना वेगळं अक्षर दिलं नाही. मराठी कानाने मात्र पालीचा ‘च’ आणि चिमणीचा ‘च’ कधी एकमेकांत मिसळू दिला नाही.

रात्री ट्यूबलाइटच्या पट्टीमागून येणारा पालीचा आवाज नीट ऐका. पाच-सात कोरडे, तुटक ठोके, एकामागून एक. सरडे, घोरपडी, सापसुरळ्या या तिच्या नातलगांपैकी बहुतेक जण फार तर फुसकारतात. पालींच्या कुळात मात्र स्वररज्जू चांगले विकसित झालेले आहेत, आणि त्या खरोखरीचा आवाज काढतात. ‘ही जागा माझी’ हे दुसऱ्या पालीला बजावायला किंवा जोडीदाराला बोलवायला तो उपयोगी पडतो. मलय भाषेत घरातल्या पालीला ‘चिचाक’ म्हणतात, आणि पालींच्या कुळाचं ‘गेको’ हे जगभर चालणारं नावही मलयमधल्या अशाच एका ध्वनीच्या नकलेतून आलं. आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसं पाल चुकचुकली की जमिनीवर बोटं टकटकवून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणत. मनात शंका आली की तिथेही पालच चुकचुकते.

असे आखूड, टोकदार आवाज पकडायला मराठी ट, च, क हीच व्यंजनं का वापरते? ती उच्चारताना तोंडात क्षणभर हवा पूर्ण अडते आणि मग झटकन सुटते. आधी शांतता, मग काही सहस्रांश सेकंदांत आवाजाचा स्फोट. त्या स्फोटात एकच सूर नसतो, कमी-जास्त कंपनसंख्यांचा मोठा पट्टा एकदम बाहेर पडतो. टिवटिव, कचकच, टकटक, चुकचुक या सगळ्या शब्दांची सुरुवात अशी धारदार आहे. टिटवीला तर नावच तिच्या ओरडण्यावरून मिळालं. संस्कृतातही ती ‘टिट्टिभ’च.

ही धार प्राण्यांच्या फार कामाची आहे. दुपारी आंब्याखाली मांजर येऊन बसलं की खार खोडाला उलटी चिकटून ‘चिक् चिक् चिक्’ सुरू करते. प्रत्येक ‘चिक्’बरोबर शेपटीला एक झटका, जणू आवाज शेपटीतूनच निघतो आहे. मिनिटभरात बुलबुल येतात, मग साळुंक्या, आणि सगळे मिळून त्या मांजराला नकोसं करून सोडतात. न पाहताही आपण बोट दाखवून सांगू शकतो की खार कुठल्या फांदीवर आहे.

ते सांगता येतं दोन कानांमुळे. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. माणसाच्या डोक्याच्या रुंदीला हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका, पण मेंदूला तेवढा पुरतो. अट एवढीच की आवाजाची सुरुवात स्पष्ट हवी. हळूच उगवणाऱ्या आवाजाला सुरुवातच नसते, मग मोजायचं कुठून? पीटर मार्लर या शास्त्रज्ञाने 1955 साली हीच गोष्ट पक्ष्यांच्या बाबतीत मांडली. बसलेल्या घुबडाला हुसकायचं असेल तर चॅफिंचसारखे पक्षी तुटक, खडे आवाज काढतात. त्यांना आपली जागा कळायलाच हवी असते, कारण मदत तिथे यायची असते. वरून ससाणा फिरत असेल तर तेच पक्षी बारीक, उंच पट्टीतली ‘सीं’ अशी शीळ घालतात, जी हळूच सुरू होते आणि हळूच विरते. इशारा सगळ्यांना पोहोचतो, पण ओरडणारा कुठे बसलाय हे सहज कळत नाही.

ताडोबाच्या गाइडचा सगळा व्यवसाय या पहिल्या प्रकारच्या आवाजावर चालतो. वाघाची चाहूल लागून एखादा प्राणी ओरडला की ‘कॉल आला’ म्हणत तो जिप्सी थांबवतो. चितळाचं ओरडणं, वानराचं खाकरल्यासारखं खेकसणं, कुत्र्यासारखं भुंकणारं भेकर, आणि सांबराचा एकच घणाघाती ‘पोंक’. चितळ उगाच दचकतं, सांबर सहसा नाही, असं गाइड मानतात. जंगलाची इतकी जवळून ओळख असलेली माणसंही यासाठी ‘कॉल’ हा शब्द वापरतात, याची मला हळहळ वाटते. आपले ध्वनिशब्द बहुतेक जोडीने येतात, चिवचिव, कावकाव, टिवटिव. एकदाच उमटून थांबणाऱ्या आवाजाला मराठीत चटकन नाव सापडत नाही.

व्यंजनांइतकेच स्वरही बोलके आहेत. चिवचिव, किलबिल, चिंचिं, किरकिर यांत ‘इ’ आहे. पारवा घुमतो, घुबड घूत्कारतं, यांत ‘उ’ आहे. ‘इ’ म्हणताना जीभ वर-पुढे येऊन तोंडातली पुढची पोकळी लहान होते, म्हणून 2000 हर्ट्झच्या वरचा भाग उठून दिसतो. ‘उ’मध्ये ओठांमागे मोठी पोकळी राहते आणि खालचे सूर घुमतात. लहान देहाचा आवाज बारीक, मोठ्याचा जाड, हे आपली जीभ नकळत मांडते. ब्रेंट बर्लिन या मानववंशशास्त्रज्ञाला दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या जंगलातल्या हुआंबिसा भाषेतही असंच काही आढळलं: लहान पक्ष्यांच्या नावांत ‘इ’ जास्त.

आता त्या ‘सीं’कडे परत येऊ. मी खूप आठवून पाहिलं. खडे आवाज नोंदवणारे शब्द मराठीत ढिगाने आहेत, पण पक्ष्याच्या त्या निसटत्या, भीतीच्या शिळेला खास शब्द मला सापडला नाही. माझा अंदाज असा की ती शीळ ससाण्याच्या कानातून निसटावी म्हणून घडली, आणि आपल्याही कानातून निसटली. आमच्या अंगणावर कधीमधी शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी येतो. तो दिसण्याआधीच चिवचिव थांबते, खारही खोडाला चिकटून गप्प होते. तेवढ्या शांततेत कान लावून मी उभी राहते. एक-दोनदा वाटलं, काहीतरी बारीक ऐकू आलं, पण कुठल्या फांदीवरून ते मला सांगता आलं नाही.